झाकण लावून घेतलेला फोटो

माझ्या कॅमेऱ्याला रंग दिसत नाही.
बिघाड नाही, जन्मच तसा.
इतरांच्या सेन्सरवर तांबड्या-हिरव्या-निळ्या काचांची नक्षी असते,
याच्या डोळ्यावर काहीच नाही,
येईल तो उजेड थेट आत.

मागांच्या खडखडाटात हे मी ओरडून सांगितलं
तेव्हा राजमल्लू येमूल म्हणाले,
"मग माझी चादर कशी येनार ओ?"
मागावर लाल मोर, हिरव्या जमिनीवर.
मी स्क्रीन पुढे धरली.
मोर जमिनीत गेला होता,
दोघांचा करडा एकच.
"उडाला की!" म्हणाले, आणि हसले.

मे महिना. कुंभारी रस्त्यावरची शेड, पत्र्याखाली त्रेचाळीस.
वर एकच ट्यूबलाइट, तिलाही कापसाची लव.
एवढ्या उजेडात कॅमेऱ्याचे कान फार ताणावे लागतात,
मग तो नसलेलंही ऐकतो.
घरी फोटो उघडला तर
सावल्यांमध्ये रवा सांडलेला,
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत
उभ्या फिक्या रेघा,
कोणी ताणा लावून ठेवल्यासारख्या.

रेघांवर औषध होतं.
शेडमधून निघण्याआधी झाकण लावून
सोळा फोटो काढले होते,
तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच उकाड्यात,
कशाचेच नाहीत असे.
झाकण काढायला विसरलात,
राजमल्लूंनी खुणेनं सांगितलं. दोनदा.

अंधारात एकटा असताना कॅमेरा काय बडबडतो
ते लिहून घ्यायचं,
सोळांची सरासरी काढायची
आणि खऱ्या फोटोतून वजा करायची.
रेघा गेल्या.
रवा राहिला.

मुलगा अंबादास पुण्याहून फोनवर:
"एकदम क्लीन करा मॅडम, हॉलमध्ये लावायचाय."
मी पट्टी सरकवली. चाळीस. साठ. ऐंशी.
प्रोग्रॅम प्रत्येक ठिपक्याच्या शेजाऱ्यांना विचारतो,
हा एकटाच का उजळ?
आणि एकट्या पडलेल्याला खाली बसवतो.
भिंतीवर साय धरली.
गालावरचे देवीचे व्रण बुजले.
मार्कंडेयाच्या तसबिरीची काच
कोणी पुसली कोण जाणे.

प्रिंट घेऊन गेले.
राजमल्लूंनी चष्मा वर केला, खाली केला.
कान चाळीस वर्षांत मागांनी खाल्ले,
आता ते माग बोटानं ऐकतात, चौकटीला टेकवून.
फोटोलाही बोट टेकवलं.
"सुट्टी हाय काय ओ ह्या दिवशी?"
मला कळेना.
"माग बंद हाय ह्यात. हवेत तूस न्हाई."

रात्री मूळ फाइल पुन्हा उघडली.
शंभर टक्के. चारशे. आठशे.
आता एकेक ठिपका हातात घेऊन:
हा माझा, की कापसाचा?
कॅमेऱ्याचा असतो तो चौकोनी, सुटा,
त्याचं कोणाशी नातं नाही.
तूस तिरकं असतं, शेपटी असते त्याला,
ट्यूबच्या बाजूला जरा जास्त उजळ.
असं करत पहाटेचे तीन.
तरी काही उरलेच, दोन्हीकडचे वाटणारे:
भुवईवर तीन,
कानाच्या पाळीवर एक.

ठेवले.

भिंतीवरचा रवा मात्र पुसला, खोटं कशाला बोलू.
पट्टी बारावर थांबवली.

"मॅडम, डाग राहिलेत," अंबादासचा मेसेज.
त्याच्या हॉलमध्ये ऐंशीचा लागला.
बाराचा शेडमध्ये, मार्कंडेयाच्या शेजारच्या खिळ्यावर.

पंधरा दिवसांनी चादर आणायला गेले
(मोर खरंच लाल आहे, विसरलेच होते)
तर फोटोच्या काचेवर तूस बसलेलं.
काचेआतलं कुठलं, बाहेरचं कुठलं,
मला दारातून सांगता येईना.
ओढणीचं टोक धरून पुढे झाले.

"ऱ्हाऊ द्या,"
म्हणाले,
आणि कांडी बदलायला वळले.